शुक्रवारची खाच

धाराशिव
रविवार, ५ जानेवारी १९६४

प्रिय गुरुसिद्धप्पास,

गफारचा सलाम, आणि तुमच्याकडच्या रीतीनं शरणार्थ. अक्षर ओळखलं असशील. नसेल तर पाकिटाच्या मागं नाव आहे. सात वर्षांनी लिहितोय. मुरूमचा पत्ता तोच असेल असं धरून चाललोय. तुझ्या अप्पांचं किराणा दुकान जागेवरून हलणारं न्हाई, आणि तू ते सोडून कुठं जाणारा न्हाईस, एवढा भरवसा आहे. अप्पांना आणि इरम्माआईंना नमस्कार सांग. महानंदावहिनींना मी पाहिलेलं नाही. लग्नाची पत्रिका तू पाठवली होतीस, मीच आलो नाही. त्यांनाही सांग.

माझी खैरियत म्हणशील तर तब्येत ठीक आहे, एक दाढ गेलीय, केस जाण्याच्या वाटेवर आहेत. इथल्या नव्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागून तिसरं वर्ष. दर्ग्याच्या वाटेला एक खोली घेतलीय. स्वयंपाक माझा मीच करतो, म्हणजे खिचडी करतो. खिचडीचा कंटाळा आला की भात वेगळा आणि वरण वेगळं. उत्तर लिहिशील तेव्हा पाकिटावर 'उस्मानाबाद' लिही, टपालवाल्यांना तेच कळतं. बोलताना आम्ही सगळे धाराशिवच म्हणतो.

अम्मी गेल्या उन्हाळ्यात गेली. आमच्या गावी, ईटलाच. दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी मी पोचेपर्यंत संपलं होतं. तू तिला एकदाच भेटलास, येळवशीच्या सणाची भज्जी आणि आंबिलाचं मडकं घेऊन दोन गाड्या बदलून ईटला आला होतास तेव्हा. तेवढ्यावर ती तुला शेवटपर्यंत विसरली नाही. दर सुट्टीला विचारायची, "वो भज्जीवाला छोरा कैसा है रे?" मी म्हणायचो, मजेत आहे, दुकान जोरात चाललंय. मला माहीत काहीच नव्हतं. आता ईटच्या घराला कुलूप आहे, किल्ली शेजारच्या दगडाबाईकडं. सुट्टी लागली की सगळे मास्तर आपापल्या गावाला पळतात. मी कुठं पळू?

आमच्या प्रयोगशाळेचा शिपाई बलभीम मला परवा विचारत होता, "सर, तुमाला एकट्याला करमतं कसं हो?" म्हटलं, पेपर तपासत बसतो. तो म्हणाला, "बाराही म्हैने?" शहाणा आहे. खरं सांगायचं तर रविवारी मी एस.टी. स्टँडावर जाऊन बसतो. कुठं जायचं नसतं. तुमच्याकडची, उमरग्याची गाडी आली की उतरणारी माणसं बघतो, एक चहा पितो आणि परत येतो. कंडक्टर आता ओळखायला लागलाय. त्याला वाटतं, माझं कुणीतरी यायचं आहे.

आता मुद्द्याचं. आमच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटरची जागा निघालीय. अर्ज पोचायची शेवटची तारीख वीस फेब्रुवारी. तू अर्ज कर. पहिल्या वर्गातला बी.एस्सी., त्यात काचकाम येणारा, पंप उघडून परत जोडणारा माणूस या जिल्ह्यात तुझ्याशिवाय कोण आहे? इथं पोरं ब्युरेट धरतात ती मुसळ धरल्यासारखी. तुझं डोकं आणि तुझे हात साखर-डाळ तोलण्यात चाललेत, हे मला बरं वाटत नाही. दुकान बघायला तुझा धाकटा भाऊ आहे ना?

अर्जाला आपल्या हैदराबादच्या सरांचं शिफारसपत्र जोडावं लागेल. त्याशिवाय इथं पुढं सरकवत नाहीत. ते माझ्याकडं लागलं. सरांना मी पत्र टाकलंय.

हैदराबादला जे झालं ते झालं. सात वर्षांपूर्वीच्या गोष्टी कोण लक्षात ठेवतंय? मी तर ठेवत नाही. तूही मनात आणू नकोस आणि अर्ज कर.

तुझा जुना सोबती,
गफार


धाराशिव
रविवार, १९ जानेवारी १९६४

प्रिय गुरुसिद्धप्पास,

सलाम आणि शरणार्थ. तुझं कार्ड मिळालं. तीन वाक्यांचं. "पत्र पोचलं. अम्मींचं वाचून वाईट वाटलं. जागेचं बघू." बाबा, कार्डावर जागा केवढी असते, आणि तू अर्धं कोरं पाठवलंस. पण अक्षर तेच आहे, मोत्यासारखं. मी ते कार्ड टेबलावर उभं करून ठेवलंय.

संक्रांत झाली. बलभीमच्या बायकोनं तिळगुळ पाठवला, तो मी खाऊन संपवला तोवर रमजान लागला. रोज्याच्या दिवसांत चूल दिवसभर थंड असते, तेवढं एक काम कमी. संध्याकाळी मशिदीत रोजा सोडतो, तिथं माणसं भेटतात, दोन शब्द होतात. परत खोलीवर आलं की ते संपतं.

परवा एक गंमत झाली. कपाटं पुसता पुसता बलभीमनं विचारलं, "सर, तुमी आन् ते मुरूमचे सायब हैदराबादला नेमकं करत काय व्हता?" मी तुझं नाव सारखं घेतो म्हणून त्याला तू माहीत. दुपारी तास नव्हता. बसलो सांगत.

म्हटलं, बलभीम, मॅग्नेशियमची पट्टी पेटवायची. तिचा पांढरा धूर निघतो. दिव्यावर वाटी धरून बाया काजळ धरतात ना, तसा तो धूर मिठाच्या एका चकतीवर धरायचा. चकतीवर पातळ पांढरा थर बसतो. दिसायला सलग, पण आत सगळी बारीक भोकं. त्या भोकांत वायू शिरतो आणि आतल्या भिंतींना चिकटून बसतो. किती चिकटला, कसा चिकटला, ते डोळ्यांना दिसत नाही. मग त्या थरातून इन्फ्रारेड किरणं पार करायची. तीही डोळ्यांना दिसत नाहीत. चिकटलेला वायू त्यातली ठराविकच किरणं खातो. यंत्राची लेखणी कागदावर रेघ ओढत असते. जिथलं किरण खाल्लं गेलं तिथं रेघ खाली उतरते, खाच पडते. खाच कुठं पडली ते बघून वायू ओळखायचा.

"म्हंजी माग बघून जनावर वळखायचं," बलभीम म्हणाला. मी दोन वर्षांत वर्गातल्या पोरांना हे इतकं थोडक्यात सांगू शकलेलो नाही.

त्याला मिठाचं कौतुक फार. काच का नाही, मीठच का? म्हटलं, काच ती किरणं अडवते, मीठ अडवत नाही. पण मिठाला माणसाच्या श्वासाची वाफ लागली तरी ते पाझरतं, चकती आंधळी होते. म्हणून थर बसवणारा माणूस तोंडाला रुमाल बांधून काम करायचा. थर मी बसवायचो. पंप, काचेचे नळ आणि वायू हे खातं गुरुसिद्धप्पाचं. यंत्र आम्हाला आठवड्यातून दोनदाच मिळायचं, सोमवारी सकाळी आणि शुक्रवारी दुपारी तीननंतर. सोमवारी नुसता थर तपासायचा, वायूशिवाय. शुक्रवारी त्यात इथिलीन वायू सोडून. सोमवारची रेघ सपाट यायची. शुक्रवारी तीन पूर्णांक चार मायक्रॉनला ही अशी खाच. आणि नवल म्हणजे, नंतर पंपानं सगळा वायू ओढून काढला तरी खाच जागची हलायची नाही. सर म्हणाले, वायूनं भोकांत जाऊन रूप बदललंय आणि तो कायमचा मुक्कामाला राहिलाय. हे कुणी पाहिलेलं नव्हतं. सरांनी निबंध लिहिला, परिषदेत वाचला, टाळ्या पडल्या.

बलभीम फडकं हातात धरून उभाच. "मग फुडं?"

म्हटलं, पुढं काही नाही. ती खाच खोटी निघाली.

"कशानं?"

म्हटलं, घंटा झाली, जा. घंटा झाली नव्हती.

आता तुझ्यापुढंही मी ताकाला जाऊन भांडं लपवतोय. सरांचं उत्तर आलंय. ते असं: "ज्याच्या निष्काळजीपणामुळं मला चारचौघांत माघार घ्यावी लागली, त्याची शिफारस माझ्या हातून होणार नाही. तू त्याच्यासाठी शब्द टाकतोस यात तुझा चांगुलपणा दिसतो." हे तुला कळवावं की न कळवावं, यात पाच दिवस गेले. तू वाईट वाटून घेऊ नकोस. मी सरांना परत लिहीन. माणसाच्या हातून होतं. आणि ती खाच तू नळांना लावलेल्या ग्रीसनंच पडली हे तरी कुणी सिद्ध केलंय? हवेत हजार गोष्टी असतात, तो थर कशालाही धरून ठेवतो.

एक विचारतो. त्या शुक्रवारांचं तुला काय काय आठवतं? म्हणजे दुपारी मी आत यायचो तेव्हाचं. सवडीनं कळव. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं काहीतरी समज आणि फार विचार करू नकोस.

अर्ज लिहून ठेव.

तुझा,
गफार


धाराशिव
रविवार, ९ फेब्रुवारी १९६४

गुरुसिद्धप्पा,

तुझं चार पानांचं पत्र तीस तारखेला आलं. मला वाटलं होतं तू चिडशील. चिडला असतास तर मला सोपं गेलं असतं. तू लिहितोस, "गफार, शुक्रवारचं मला एवढंच आठवतं की मी सकाळी नळांना ग्रीस लावायचो, आणि दोन बोटं जास्तच लावायचो, हवा आत शिरू नये म्हणून. त्या बोटांनी तुझं आणि सरांचं दोन वर्षांचं काम पाण्यात घातलं. अजून साखर तोलायच्या आधी हात दोनदा धुतो. महानंदा हसते. तू तेव्हाही मला एक शब्द बोलला नाहीस, आजही बोलत नाहीस, उलट माझ्यासाठी जागा शोधतोस. मला माफ कर. अर्ज मी करणार नाही. पोरांच्या हातात काचेचं सामान देणारा माणूस माझ्यासारखा नसावा."

हे वाचलं आणि मी त्या दिवशी वर्गावर गेलो नाही. बलभीमला सांगितलं, डोकं दुखतंय. माझी कल्पना अशी होती की तुझ्यावर आळ आला एवढंच. मनातून तुला ठाऊक असणार की तू नीट काम केलं होतंस, आणि कुणावर तरी, कदाचित माझ्यावरच, तुझा राग असणार. तू स्वतःच ते खरं मानून सात वर्षं बसला आहेस, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. आणि वर माफी मागतोस, तीही माझी.

आता सरळ लिहितो. ती खाच माझ्या रुमालाची होती.

शुक्रवारी मी दुपारच्या नमाजाला जायचो. जुम्म्याला रुमालाला हिना अत्तर लावायचं, ही आमच्या घरची रीत. लहानपणी अब्बा माझ्या रुमालाला लावून द्यायचे. ते अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात, पोलीस ॲक्शनच्या दिवसांत, घराबाहेर गेले ते परत आले नाहीत. तुला माहीत आहे, त्यावर आपण कधी बोललो नाही. त्यानंतर अम्मी हिन्याच्या कुप्या पाठवायला लागली. मशिदीतून मी थेट यंत्राच्या खोलीत यायचो, खिशातला तोच रुमाल तोंडाला बांधायचो, आणि श्वास लागू नये म्हणून वाकून वाकून, पाव पाव तास, त्या थरावर काम करायचो. श्वास अडवला आणि अत्तर पाजलं. भोकांभोकांत ते शिरलं आणि तिथंच बसलं. पंपानं कसं निघणार? सोमवारी रुमाल धुतलेला, अत्तर नाही, रेघ सपाट. शुक्रवारी खाच. आपण सोमवारी वायू घातला असता आणि शुक्रवारी रिकामा थर तपासला असता, तर पहिल्याच महिन्यात कळलं असतं. पण वेळ ठरलेली, काम ठरलेलं, आणि सगळेच खुशीत.

मला हे आज कळलेलं नाही. तेव्हाच कळलं होतं. बाहेरच्या एका प्रयोगशाळेनं सरांना कळवलं की अशी खाच आम्हाला मिळत नाही, ते तुला आठवत असेल. मग त्या शुक्रवारी सरांनी वायूशिवाय थर तपासायला लावला, आणि खाच आली. सर म्हणाले, मंगळवारपर्यंत शोधून काढा कशानं. तू शनिवार-रविवार नळ उघडून पुसत बसलास. मी खोलीवर गेलो, खिशातला रुमाल धुवायला काढला, त्याचा वास आला आणि खाच कशाची ते कळलं. सोमवारी सकाळी तू यायच्या आधी मी गेलो. तू पुसून ठेवलेल्या नळांना हात लावला नाही, म्हणजे ग्रीस कुठंच नव्हतं. अत्तराचा रुमाल बांधून थर बसवला आणि यंत्र चालू केलं. तीन पूर्णांक चारला लेखणी खाली गेली. तो कागद मी फाडून घेतला, लॉगच्या तक्त्यांच्या पुस्तकात ठेवला, दुसरा थर कोऱ्या रुमालानं बसवला आणि तू आलास तेव्हा सपाट रेघ काढत बसलो होतो. तू मला चहा आणून दिलास.

मंगळवारचं तुला ठाऊक आहे. सरांनी विचारलं, "शुक्रवारी नळांना ग्रीस कोण लावतं?" तू म्हणालास, "मी, सर." त्यांनी ग्रीसचं बोट मिठाच्या चकतीवर फिरवलं आणि ती यंत्रात घातली. खाच तिथंच. ग्रीस काय, अत्तर काय, दोन्ही तेलकटच, दोन्हीची खाच तिथंच पडणार. मग ते माझ्याकडं वळले. "गफार, तुला काही सांगायचंय?"

मी म्हणालो, "नाही, सर."

एवढंच म्हणालो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी होते. महिनाअखेर तुझी फेलोशिप बंद झाली. स्टेशनवर मी तुझी पेटी उचलली आणि तू म्हणालास, "तू कशाला उचलतोस, तुझा रोजा असेल." रोजा नव्हता, साधा दिवस होता. तुला आपलं कायम वाटायचं, माझा रोजाच आहे.

का बोललो नाही? एक कारण सांगतो. पहिल्या आठवड्यात मी आत आलो तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, "अत्तरवाले आले, खिडक्या उघडा," आणि सगळे हसले होते. तू म्हणालास, "तुझ्या घामापेक्षा बरंय," मग तेही थांबलं. सरांपुढं उभं राहून 'माझ्या अत्तरानं झालं' म्हणायचं, आणि मग ते सगळं हसणं पुन्हा ऐकायचं, अब्बांच्या रीतीवर, ते मला झेपलं नसतं. हे मी सात वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही. खरं कारण फार हलकं आहे. मला माझी फेलोशिप जायची भीती वाटली. बोललो असतो तर माझी गेली असती. गप्प राहिलो आणि तुझी गेली.

त्यानंतर मी अत्तर लावणं सोडलं. खाच परत आली नाही. सर सगळ्यांना म्हणाले, "बघा, काळजीनं काम केलं की कसं होतं." जाताना त्यांनी मला दाखला दिला, त्यात लिहिलं, 'अत्यंत काळजीनं आणि सचोटीनं काम करणारा'. त्या दाखल्यावर मला ही नोकरी मिळाली. अम्मीला कधी सांगितलं नाही. ती दर वर्षी उरुसातून कुपी घेऊन पाठवायची आणि विचारायची, "जुम्मे कू लगाताय ना बेटा?" मी म्हणायचो, लावतो. सहा कुप्या पेटीत आहेत, सीलबंद. तिच्याशीही खोटंच बोललो आणि ती गेली.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी सरांना सगळं लिहिलं. सोमवारचा कागद जोडला, त्यावर तारीख आणि वेळ मी तेव्हाच लिहिलेली आहे, आणि त्यांनी दिलेला माझा दाखलाही परत पाठवला. तुला आधी लिहिलं नाही, याचं कारण मी मला ओळखतो. तुला आधी लिहिलं असतं तर तू उलट टपाली मला माफ केलं असतंस, आणि मग सरांना लिहायचं राहून गेलं असतं.

सरांचं उत्तर परवा आलं. दोन ओळी. "गुरुसिद्धप्पाचं शिफारसपत्र सोबत आहे, त्याच्या हाती पोचव. तुझ्याशी यापुढं मला पत्रव्यवहार ठेवायचा नाही." ते शिफारसपत्र या पाकिटात आहे. मी वाचलं. सरांनी त्यात त्यांचीही चूक लिहिलीय, की नीट चौकशी न करता त्यांनी तुला दोषी धरलं. एवढ्या मोठ्या माणसानं हे सही करून लिहिलं. मला दोन शब्दांचा नकार बदलायला सात वर्षं लागली.

काल इथल्या प्राचार्यांनाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "सत्र संपेपर्यंत शिकवा, मग बघू." त्या 'बघू'चा अर्थ मला कळतो. माझी तक्रार नाही. बलभीमला कुठून कळलं कोण जाणे. संध्याकाळी प्रयोगशाळेची किल्ली द्यायला आला आणि म्हणाला, "सर, त्या दिशी घंटा झालीच नव्हती." म्हटलं, व्हय, नव्हती झाली. तो किल्ली टेबलावर ठेवून गेला.

पहिल्या पत्रात मी तुला इथं बोलावलं ते निम्मं तुझ्यासाठी होतं आणि निम्मं माझ्यासाठी. मला वाटलं, तू आलास की शेजारी कुणी असेल, दुपारी डबा उघडून बसू, आणि ते जुनं न बोलताच मिटेल. अशी गोष्ट मिटत नसते, माझ्यासारख्यानं तरी तशी आशा धरू नये. आता माझं निम्मं सोडून दे. तुझ्या निम्म्यासाठी ये. जूनमध्ये मी इथं असेन की नसेन, सांगता येत नाही. असलो आणि एका खोलीत काम करणं तुला नको वाटलं, तर मी बदलीचं बघेन. तुला त्याबद्दल एक शब्द बोलावा लागणार नाही.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, आणि तू ती आताच्या आता द्यावीस असं मला वाटत नाही. पत्राचं उत्तर नाही आलं तरी चालेल. अर्ज मात्र वीस तारखेच्या आत पोचू दे. हे पत्र महानंदावहिनींना वाचून दाखव. अप्पांनाही दाखव. सात वर्षं त्यांनीही हेच खरं मानलं असेल की पोराच्या हातानं घात केला.

तुझ्या हातून काहीही बिघडलं नव्हतं, गुरुसिद्धप्पा.

त्या मंगळवारी हे ठाऊक असलेला,
अब्दुल गफार